तराजू आणि गिलोटिन : रसायनशास्त्राला हिशेब शिकवणारा लॅव्हॉझिए

आहार सांभाळून आणि व्यायाम करून एखाद्याने वर्षभरात १० किलो चरबी उतरवली, तर ती गेली कुठे? ओळखीच्या चार जणांना विचारून पाहा. कुणी सांगेल घामावाटे गेली, कुणी म्हणेल तिची उष्णता झाली, कुणी म्हणेल तिचे स्नायू झाले. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षकांना विचारला होता. त्यांच्यापैकीही बहुतेकांचे उत्तर चुकले. चरबी हे द्रव्य आहे. तिला वजन आहे, ती जागा व्यापते. आणि द्रव्य असे हवेत विरून नाहीसे होत नाही. ते रूप बदलते, जागा बदलते, पण हिशेबातून सुटत नाही.

हा हिशेब तराजू समोर ठेवून जगाला पटवून देणारा माणूस अठराव्या शतकात पॅरिसमध्ये होऊन गेला. त्याचे नाव आंत्वान लॅव्हॉझिए. शाळेच्या पुस्तकात तो ऑक्सिजनच्या धड्यात एखाद्या ओळीपुरता भेटतो. प्रत्यक्षात हा माणूस पेशाने करवसुलीच्या कंपनीचा भागीदार होता आणि रसायनशास्त्र हा त्याचा सकाळ-संध्याकाळचा उद्योग होता. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे तपासल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नसे. या सवयीने त्याने एक शास्त्र उभे केले. ज्या कंपनीच्या हिशेबात तो मुरला होता, त्या कंपनीपायीच त्याचा जीव गेला.

वकिलाचा मुलगा

लॅव्हॉझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. तो पाच वर्षांचा असताना आई गेली आणि पुढे आजोळच्या माणसांनी त्याला वाढवले. घराण्याच्या रीतीप्रमाणे तो कायदा शिकला, वकिलीची सनदही घेतली. पण वकिली त्याने कधी केली नाही. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच तो रसायन, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत असे.

त्याचा पहिला महत्त्वाचा अभ्यास आपल्या चांगल्या ओळखीच्या पदार्थावर होता. १७६५ साली त्याने जिप्सम या खनिजावर निबंध वाचला. जिप्सम भाजले की त्यातील पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. मोडलेल्या हाडाला बांधायचे प्लास्टर तिचेच, गणेशमूर्तींच्या साच्यात ओततात तीही हीच. भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती दगडासारखी घट्ट होते. हे कारागिरांना शेकडो वर्षे माहीत होते. ते का घडते, हे लॅव्हॉझिएने दाखवले. भाजताना जे पाणी गेले, तेच पाणी भुकटी परत घेते आणि पुन्हा स्फटिक बनतात. गेले किती आणि परत आले किती, हे पाहण्याची त्याची पद्धत या पहिल्याच कामात दिसते. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यांवरील दिव्यांविषयी लिहिलेल्या निबंधासाठी त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले.

एकाच वर्षी दोन दारे

१७६८ साली, पंचविशीच्या आत, लॅव्हॉझिएची विज्ञान अकादमीवर निवड झाली. त्याच वर्षी त्याने करवसुलीच्या इजाऱ्यात हिस्सा विकत घेतला. फ्रान्सच्या राजाने मीठ, तंबाखू, जकात असे अनेक कर गोळा करण्याचे काम एका खासगी मंडळाला मक्त्याने दिले होते. मंडळाने राजाला ठरलेली रक्कम आगाऊ मोजायची आणि मग लोकांकडून वसुली करायची. वरचा पैसा मंडळाचा. आपल्याकडच्या जुन्या इजारदारांसारखाच हा प्रकार होता आणि लोकांचा रागही तसाच होता. मिठावरचा कर तर गरिबाच्या रोजच्या भाकरीशी भिडलेला होता. लॅव्हॉझिएने हा हिस्सा घेतला तो विज्ञानासाठी पैसा मिळावा म्हणून. पैसा भरपूर मिळाला आणि त्यातला मोठा भाग उपकरणांवर खर्च झाला. त्याने पॅरिसच्या उत्तम कारागिरांकडून त्या काळातील अतिशय अचूक तराजू बनवून घेतले. त्यांपैकी काही आजही पॅरिसच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

तराजू रसायनशाळेत नवा नव्हता. नवा होता तो त्याच्यावरचा विश्वास. एक उदाहरण पाहू. पाणी बराच काळ उकळले की भांड्याच्या तळाशी मातीसारखा साका राहतो. त्यावरून पाण्याचीच माती होते, असे अनेक विद्वान मानत. लॅव्हॉझिएने काचेच्या बंद भांड्यात शुद्ध पाणी घेतले आणि ते १०१ दिवस तापवत ठेवले. भांड्याची रचना अशी होती की वाफ वर जाऊन पुन्हा पाणी होऊन खाली येत राही. शेवटी साका दिसला. मग त्याने पाणी, भांडे आणि साका वेगवेगळे तोलले. पाण्याचे वजन कमी झालेच नव्हते. कमी झाले होते ते भांड्याचे, आणि ते साधारण साक्याच्या वजनाइतके. म्हणजे माती पाण्यातून आली नव्हती, काचेतून आली होती. शेकडो वर्षांचा वाद एका हिशेबाने मिटला.

१७७१ साली त्याचे लग्न झाले. वधू मारी-आन पोल्झ तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. तिचे वडील लॅव्हॉझिएच्याच करवसुली मंडळात होते. आजच्या नजरेला हे लग्न खटकते. त्या काळच्या त्या वर्गात ते रूढ होते. मारीने पुढे जे केले ते मात्र रूढ नव्हते. ती रसायन शिकली. नवऱ्याला इंग्रजी येत नसे, म्हणून इंग्रजी शिकून तिने तिकडचे निबंध फ्रेंचमध्ये आणले. चित्रकला शिकून तिने त्याच्या ग्रंथासाठी उपकरणांच्या तेरा पानभर आकृत्या काढल्या. प्रयोग चालू असताना नोंदी घेण्याचे कामही ती करी.

१७७५ साली सरकारने लॅव्हॉझिएला दारूगोळ्याच्या खात्यात नेमले. बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागतो. बिहार-बंगालचा उत्तम सोरा इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे फ्रान्सला त्याची टंचाई भासत होती. लॅव्हॉझिएने देशातले उत्पादन वाढवले, दारूची प्रत सुधारली. या नेमणुकीबरोबर त्याला शस्त्रागाराच्या आवारात घर मिळाले आणि तिथे त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. पहाटे सहा ते नऊ आणि रात्री सात ते दहा हा वेळ विज्ञानाचा, मधला दिवस कचेरीचा, आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस प्रयोगांचा, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

जळणे म्हणजे काय

त्या काळी जळण्याविषयी एक सिद्धान्त सर्वमान्य होता. प्रत्येक जळणाऱ्या पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते. लाकूड जळते आणि हलकी राख उरते. कापूर जळतो आणि काहीच उरत नाही. डोळ्यांना हे पटण्यासारखेच होते.

अडचण धातूंची होती. धातू हवेत खूप तापवला की त्याचे भस्म होते. धातूतून काही बाहेर पडत असेल, तर भस्म धातूपेक्षा हलके हवे. ते तर जड भरते. हे अनेकांना माहीत होते. काहींनी तर फ्लॉजिस्टनचे वजन उणे असते, असाही तोडगा काढला होता. हिशेबनिसाला ही पळवाट मान्य होणे शक्य नव्हते.

१७७२ साली लॅव्हॉझिएने गंधक आणि फॉस्फरस जाळले. दोन्हींचे वजन वाढले आणि त्यांनी हवा शोषून घेतल्याचे दिसले. हा शोध आपल्या हातून निसटू नये म्हणून त्याने त्याची नोंद मोहरबंद पाकिटात घालून अकादमीकडे ठेवली. मग त्याने बंद पात्रात कथील तापवले. भस्म झाले, पण पात्र न उघडता तोलले तर वजन होते तेवढेच. पात्र उघडताच बाहेरची हवा आत घुसली आणि वजन वाढले. ही वाढ कथिलाच्या भस्मात झालेल्या वाढीशी जुळत होती. म्हणजे धातूने हवेतूनच काहीतरी घेतले होते. हवा रिकामी नाही, तिला वजन आहे आणि तिचा हिशेब सोडला की सगळा ताळेबंद चुकतो, हे यातून स्पष्ट झाले. कापूर जळून नाहीसा होत नाही, तो वायू होऊन हवेत मिसळतो. आपण ते पारडे पाहत नव्हतो, इतकेच.

पण हवेतले नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या हातून आले. इंग्लंडच्या जोसेफ प्रिस्टलेने १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले. त्यातून जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती झळाळून जळाली. स्वीडनच्या शेलने हा वायू त्याआधीच मिळवला होता, पण त्याचे लिखाण उशिरा छापले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रिस्टले पॅरिसला आला आणि लॅव्हॉझिएच्या घरी जेवणाच्या मेजावर त्याने हा प्रयोग सांगितला. लॅव्हॉझिएने लगेच तो धागा पकडला. पुढे आपल्या लेखनात प्रिस्टलेला जेवढे श्रेय द्यायला हवे होते तेवढे त्याने दिले नाही. ही त्याच्या चरित्रातली उणी बाजू आहे.

मात्र वायूचा अर्थ लावला तो लॅव्हॉझिएनेच. प्रिस्टले अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनलाच धरून राहिला. लॅव्हॉझिएने बंदिस्त हवेत पारा १२ दिवस तापवत ठेवला. पाऱ्यावर तांबडे भस्म जमले आणि हवा सुमारे एक-षष्ठांशाने कमी झाली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझत होती, प्राणी गुदमरत होते. मग त्याने तांबडे भस्म वेगळे काढून आणखी तापवले. पारा परत मिळाला आणि जेवढी हवा हरवली होती साधारण तेवढाच वायू बाहेर आला. तो उरलेल्या हवेत मिसळल्यावर पुन्हा नेहमीसारखी हवा तयार झाली. जमा आणि खर्च जुळले. (हवेत हा वायू सुमारे २१ टक्के असतो हे आज आपल्याला माहीत आहे. त्याचे मोजमाप इतके नेमके नव्हते, पण निष्कर्ष बरोबर होता.) हवा हे एक मूलतत्त्व नसून किमान दोन वायूंचे मिश्रण आहे, हे त्यातून सिद्ध झाले. जळण्याला मदत करणाऱ्या वायूला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले.

हिरा, कोळसा आणि पाणी

पदार्थ कसा दिसतो यावरून तो काय आहे हे ठरत नाही, हा लॅव्हॉझिएचा दुसरा धडा. पॅरिसमध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रचंड भिंगाखाली हिरे तापवले. हवेत हिरा जळून गेला आणि कोळसा जाळल्यावर मिळतो तोच, चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू मागे राहिला. जगातला सर्वांत कठीण आणि चमकदार पदार्थ आणि चुलीतला काळा कोळसा यांत एकच मूलद्रव्य आहे, हे समजायची ही सुरुवात होती. रंग, चमक, कठीणपणा हे गुणधर्म पदार्थाची ओळख पटवायला उपयोगी पडतात. तो कशाचा बनला आहे, हे कळायला मात्र त्याला दुसऱ्या पदार्थाशी संयोग करू द्यावा लागतो आणि काय तयार होते ते तोलावे लागते. आज आपण भौतिक आणि रासायनिक गुणधर्म असा जो फरक करतो, तो हाच.

घन, द्रव आणि वायू या तीन वेगळ्या जातीच्या वस्तू नाहीत, एकाच पदार्थाच्या तीन अवस्था आहेत, हेही त्याने ठासून मांडले. पुरेशी उष्णता दिली तर घन वितळतो, द्रवाची वाफ होते. बर्फ, पाणी आणि वाफ यांची घडण एकच असते. पाण्याची वाफ होणे हा अवस्थेतला बदल झाला. पाणी फुटून त्याचे दोन वायू होणे ही वेगळीच गोष्ट.

आणि पाणी फुटते हेही त्याने दाखवले. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने ज्वलनशील वायू जाळून पाणी मिळवल्याची बातमी १७८३ साली पॅरिसला पोहोचली. लॅव्हॉझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी तो प्रयोग करून पाहिला. मग उलट बाजूने, लालबुंद तापवलेल्या लोखंडी नळीतून पाण्याची वाफ सोडली. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाने घेतला आणि ज्वलनशील वायू मोकळा झाला. त्याला पुढे हायड्रोजन, म्हणजे पाणी निर्माण करणारा, असे नाव मिळाले. पृथ्वी, आप, तेज, वायू यांना मूळ तत्त्वे मानणारी ग्रीकांपासूनची कल्पना इथे संपली. पाणी हे मूलद्रव्य नाही, संयुग आहे.

मग मूलद्रव्य म्हणजे काय? लॅव्हॉझिएचे उत्तर साधे होते. आपल्याला माहीत असलेल्या कोणत्याही उपायाने ज्याचे आणखी विघटन करता येत नाही, ते मूलद्रव्य. उद्या एखाद्याने ते फोडून दाखवले तर यादी बदलायची. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस, सोने, लोखंड ही त्यातली नावे आजही टिकून आहेत. त्याआधी दोन वर्षे त्याने तीन सहकाऱ्यांबरोबर पदार्थांना नावे देण्याची नवी पद्धत आणली होती. पदार्थ कशाचा बनला आहे हे नावावरूनच कळावे, ही तिच्यामागची कल्पना. आपण सल्फेट, ऑक्साइड म्हणतो ती त्या पद्धतीची देणगी.

त्याच्या चुकाही इथेच आहेत. यादीत प्रकाश आणि उष्णता यांनाही मूलद्रव्याचे स्थान होते. उष्णता हा एक वजनरहित प्रवाही पदार्थ आहे, असे तो मानत असे. चुनाही यादीत होता. तो संयुग असल्याचे पुढे सिद्ध झाले. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा असा आहे, कारण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच अशी त्याची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसतो, हे नंतर हम्फ्री डेव्हीने दाखवले. नाव मात्र कायम राहिले.

चुकांनी न डगमगणारा भाग वेगळाच होता. साखर आंबून तिचे मद्य होते, या क्रियेचे वर्णन करताना त्याने स्पष्ट केले की कोणत्याही क्रियेत द्रव्य नव्याने तयार होत नाही की नष्ट होत नाही. आधी जेवढे होते तेवढेच नंतर असते, फक्त मांडणी बदलते. शाळेत आपण शिकतो तो द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम हाच. रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू आपण जुळवतो, त्या याच विश्वासावर.

श्वासाचा ताळेबंद

लॅव्हॉझिएने हाच हिशेब सजीवांना लावला आणि तिथून आरोग्यशास्त्राचा एक मोठा रस्ता निघाला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एक उपकरण बनवले. आत पिंजरा, त्याभोवती बर्फ आणि बाहेरची उष्णता अडवायला आणखी एक बर्फाचा थर. पिंजऱ्यात गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने आतला बर्फ किती वितळला, हे गळलेल्या पाण्याच्या वजनावरून कळले. मग गिनीपिगने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, तेवढाच कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळतो, हे त्यांनी पाहिले. दोन्ही आकडे जवळपास आले. थोडा फरक राहिला. अन्नातल्या हायड्रोजनचेही ज्वलन होऊन पाणी बनत असावे, असे त्याने पुढे सुचवले.

निष्कर्ष विलक्षण होता. श्वसन म्हणजे संथ ज्वलन. मेणबत्ती आणि प्राणी दोघेही ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतात आणि उष्णता देतात. शरीराची ऊब ही गूढ शक्ती नाही, अन्नाच्या जळण्यातून ती येते. हे जळणे फुप्फुसात होते असे त्याला वाटे. ते पेशीपेशीत होते हे कळायला पुढचे शतक जावे लागले.

१७९० च्या सुमारास त्याने आर्मां सेगँ या तरुण सहकाऱ्यावर प्रयोग केले. सेगँ तोंडावर मुखवटा बांधून बसे, श्वासातील ऑक्सिजन मोजला जाई आणि मारी बाजूच्या टेबलाशी नोंदी करी. तिने काढलेल्या चित्रांत हे दृश्य पाहायला मिळते. थंडीत, जेवणानंतर आणि विशेषतः श्रम करताना ऑक्सिजनचा खप वाढतो, असे दिसून आले. आज रुग्णालयात किंवा खेळाडूंच्या चाचणीत मुखवटा लावून चयापचय मोजतात, त्या चाचणीचे मूळ इथे आहे.

या आकड्यांतून लॅव्हॉझिएने एक सामाजिक निष्कर्षही काढला. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाचे शरीर जास्त जळते, म्हणून त्याला जास्त अन्न हवे. समाजात मात्र भरपूर अन्न मिळते ते कष्ट न करणाऱ्या श्रीमंताला. हा अन्याय नव्या व्यवस्थेत कमी व्हावा, अशी आशा त्याने विज्ञानाच्या निबंधातच नोंदवली. मिठावर कर वसूल करणाऱ्या मंडळाचा भागीदार हे लिहीत होता. तेव्हा फ्रान्समध्ये क्रांती सुरू झाली होती.

शेवटचा हिशेब

क्रांतीचे त्याने स्वागत केले. नव्या राजवटीसाठी त्याने वजन-मापांच्या सुधारणेवर काम केले. ठरावीक घनफळाच्या पाण्याचे वजन नेमके किती, हे त्याने सहकाऱ्यासोबत मोजले. पुढे ज्या पद्धतीतून आपला किलोग्रॅम आला, तिच्या पायाभरणीचा हा भाग होता.

पण लोक त्याला वेगळ्याच कारणासाठी ओळखत. चोरटा माल अडवण्यासाठी पॅरिसभोवती जकातीची भिंत बांधावी, ही सूचना त्याची होती. ती भिंत शहराच्या गळ्याला फास वाटू लागली होती. क्रांतिकारक पत्रकार मारा याने त्याच्यावर जहरी टीका चालवली. माराने एके काळी अग्नीविषयी ग्रंथ लिहिला होता आणि अकादमीकडून त्याला हवी ती दाद मिळाली नव्हती.

१७९१ साली करवसुलीचे मंडळ बरखास्त झाले. ऑगस्ट १७९३ मध्ये विज्ञान अकादमीही बंद करण्यात आली. नोव्हेंबरमध्ये मंडळाच्या सर्व जुन्या भागीदारांना अटक करण्याचा हुकूम निघाला. लॅव्हॉझिए काही दिवस लपून राहिला, मग सासऱ्यासोबत स्वतःहून हजर झाला. तुरुंगात या मंडळींना आपले जुने हिशेब मांडून द्यायला सांगण्यात आले. आरोपांना दिलेले उत्तर तयार करण्यात लॅव्हॉझिएचा मोठा हात होता. आरोपांत एक असाही होता की मंडळाने तंबाखूत पाणी मिसळून तिचे वजन वाढवले. ज्याने उभ्या आयुष्यात वजनातला कणभर फरक शोधण्यासाठी रात्री घालवल्या, त्याच्यावरचा हा आरोप होता.

८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी संपला. भागीदारांपैकी अठ्ठावीस जणांना त्याच दुपारी गिलोटिनखाली नेण्यात आले. सासऱ्याचा क्रमांक तिसरा, लॅव्हॉझिएचा चौथा. वय पन्नास. हे यंत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते, ते डॉक्टर गिलोटँ आणि लॅव्हॉझिए दहा वर्षांपूर्वी एकाच चौकशी समितीवर बसले होते. चुंबकीय उपचारांचा दावा करणाऱ्या मेस्मरच्या पद्धतीची तपासणी करून तिच्यात तथ्य नसल्याचे त्या समितीने सांगितले होते. या मृत्यूभोवती पुढे अनेक दंतकथा तयार झाल्या. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नसल्याचे एक वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी घालतात. त्याला त्या काळच्या कागदपत्रांत विश्वासार्ह आधार नाही. त्याच्याशिवायही घटना पुरेशी भीषण आहे.

मंडळाने लोकांची पिळवणूक केली हे खरे. त्या पैशावर लॅव्हॉझिएची प्रयोगशाळा उभी राहिली हेही खरे. पण माणसाचा गुन्हा न तपासता त्याच्या कंपनीचा राग त्याच्यावर काढला गेला. दुसऱ्याच वर्षी सरकारने जप्त केलेले सामान मारीला परत केले, तेव्हा त्याला चुकीने शिक्षा झाल्याची कबुली त्यासोबत होती. एकाच दिवशी वडील आणि नवरा गमावलेल्या मारीने त्याचे अपुरे राहिलेले निबंध छापून घेतले. पुढे तिने काउंट रमफर्डशी लग्न केले, ते फार टिकले नाही. तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणाने हवी तेवढी उष्णता निघते हे दाखवून, उष्णता हा पदार्थ असल्याच्या लॅव्हॉझिएच्या कल्पनेला धक्का देणारा शास्त्रज्ञ तो हाच.

आता सुरुवातीचा हिशेब पुरा करू. १० किलो चरबी पूर्णपणे जळायला श्वासावाटे सुमारे २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. जमा एकूण ३९ किलो. त्यातून सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होते. खर्चही ३९ किलो. चरबीतल्या १० किलोंपैकी सुमारे ८.४ किलो उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून जाते आणि १.६ किलो पाणी होऊन लघवी, घाम, वाफ अशा वाटांनी. उष्णता आणि ऊर्जा मिळते ती या क्रियेतून. चरबीचे द्रव्य मात्र वायू आणि पाण्याच्या रूपात बाहेर पडते.

म्हणून नुसते जोरजोरात श्वास घेऊन वजन उतरत नाही. त्याने चक्कर तेवढी येईल. शरीराने चरबी जाळावी लागते आणि त्यासाठी खर्च जमेपेक्षा जास्त असावा लागतो. घाम गाळणारे पट्टे, चरबी वितळवणारी मलमे, एका आठवड्यात पाच किलो उतरवणारे काढे यांच्या जाहिराती दिसल्या, की एकच प्रश्न विचारावा. त्या द्रव्याचे शेवटी काय झाले आणि ते बाहेर पडले कुठून? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या मालावर पैसे घालू नयेत. तराजू घेऊन बसलेल्या त्या पॅरिसच्या हिशेबनिसाने आपल्या हाती दिलेली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची चाचणी आहे.